बेरजेचा ताळा

आमच्या पिढीला शाळेत गणित शिकवणाऱ्या गुरुजींची एक सवय होती. उत्तर बरोबर आलं तरी ते पूर्ण गुण देत नसत. "ताळा कुठाय?" असं विचारत. बेरीज वरून खाली केली असेल तर खालून वर करून दाखवायची, भागाकार केला असेल तर गुणून दाखवायचा. तेव्हा वाटे, उत्तर तर बरोबर आहे ना, मग हा उपद्व्याप कशाला? आता इतक्या वर्षांनी, लंडनमधल्या एका निवडणुकीची बातमी वाचताना गुरुजींची आठवण झाली आणि त्यांचं म्हणणं पटलं.

बातमी अशी. ४ जुलै २०२४ रोजी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. नैर्ऋत्य लंडनमध्ये थेम्सच्या काठावर पटनी नावाचा मतदारसंघ आहे. तिथे मजूर पक्षाच्या फ्लर अँडरसन निवडून आल्या. निकाल जाहीर झाला, टाळ्या वाजल्या, सगळे घरी गेले. काही आठवड्यांनंतर वाँड्सवर्थ कौन्सिलने जाहीर केलं की, त्या निकालात तब्बल ६,५५८ मतं धरलीच गेली नव्हती! कारण काय, तर स्प्रेडशीटमधला घोटाळा. विजयी उमेदवार त्यामुळे बदलला नसता, असंही कौन्सिलने सांगितलं. तेवढं ते नशीब म्हणायचं.

कुणी पेट्या पळवल्या नव्हत्या की बोगस मतदान केलं नव्हतं. माणसांनी रांगेत उभं राहून, ओळखपत्र दाखवून, पेन्सिलीने फुली मारून मतपत्रिका पेटीत टाकल्या होत्या. आणि त्या मतांचा आकडा एका तक्त्यातून शेवटच्या बेरजेपर्यंत पोचलाच नाही. आपण ज्या एक्सेलमध्ये गणेशोत्सवाची वर्गणी आणि फराळाच्या ऑर्डरी मांडतो, त्याच जातीचा हा तक्ता!

आपल्याला याचं काय, असं म्हणता येणार नाही. कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना, म्हणजे इथे रीतसर राहणाऱ्या आणि यादीत नाव असलेल्या भारतीय पासपोर्टधारकांनासुद्धा, ब्रिटनच्या संसदीय निवडणुकीत मत देता येतं. आपल्यातल्या कित्येकांनी आयुष्यातलं पहिलं मत मुंबई-पुण्याला न देता इथेच दिलेलं असतं. त्या ६,५५८ मतांमध्ये एखादं मत आपल्या ओळखीच्या माणसाचंही असेल.

पाच मतांचे दादाभाई

साडेसहा हजार मतं म्हणजे किती, याचा अंदाज यायला थोडं मागे जाऊ. १८९२ साली लंडनच्याच सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून मुंबईचे दादाभाई नौरोजी उदारमतवादी पक्षातर्फे उभे होते. त्याआधी चार वर्षांपूर्वी पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी भर सभेत त्यांचा उल्लेख "काळा माणूस" असा केला होता, आणि इंग्लिश मतदार अशा माणसाला निवडून देतील असं आपल्याला वाटत नाही, असंही सुचवलं होतं. दादाभाई निवडून आले. किती मतांनी? अवघ्या पाच! त्यांच्या आडनावाचा उच्चार इंग्रजांना जमेना, म्हणून लोक गमतीने त्यांना "नॅरो मेजॉरिटी" म्हणू लागले.

या पाच मतांनी हिंदुस्थानचा आवाज वेस्टमिन्स्टरमध्ये पोचला. मोजणाऱ्या कारकुनाने पन्नासाची एक गड्डी चुकीच्या ढिगावर ठेवली असती, तर तो पोचला नसता. पटनीत हरवलेली मतं दादाभाईंच्या मताधिक्याच्या तेराशेपट होती.

आणि पटनीचीच गंमत पाहा. मताच्या हक्काच्या इतिहासात या गावाचं नाव फार आधीपासून आहे. १६४७ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस, इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात, पार्लमेंटच्या सैन्यातले अधिकारी आणि शिपाई पटनीच्या सेंट मेरी चर्चमध्ये जमले. राजा हरला होता. पुढे राज्य कसं चालवायचं, यावर खल सुरू होता. कर्नल टॉमस रेन्सबरो म्हणाला, इंग्लंडमधल्या अगदी गरिबातल्या गरीब माणसालाही श्रीमंतासारखंच स्वतःचं आयुष्य जगायचं असतं. म्हणून ज्या सरकारच्या निवडीत त्याचा आवाज नाही, त्या सरकारला तो बांधील नाही. क्रॉमवेलचा जावई आयर्टन म्हणाला, छे! ज्याची या देशात काही मालमत्ता आहे, त्यालाच मत. त्या वेळी आयर्टनची बाजू वरचढ ठरली. रेन्सबरोचं म्हणणं कायद्यात उतरायला पुढे पावणेतीनशे-तीनशे वर्षं गेली. गरिबातल्या गरीब माणसाला मिळालेलं ते मत त्याच पटनीत एका तक्त्यातून गळून पडावं, हा केवढा दैवदुर्विलास!

जेव्हा मत ओरडून द्यायचे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निवडणुकीत बेरजेला एवढं महत्त्व का आलं? याचं उत्तर गुप्त मतदानात आहे.

१८७२ पूर्वी ब्रिटनमध्ये मतदान उघड होतं. मतदार मंचापाशी जाऊन आपलं मत मोठ्याने सांगे, आणि कारकून ते वहीत टिपून घेई. या वह्यांना "पोल बुक" म्हणत. नाव, आणि त्यापुढे कुणाला मत दिलं त्याची खूण, असा चक्क तक्ता! पुष्कळदा या वह्या छापून विकल्याही जात. त्यामुळे जमीनदाराला समजे की आपल्या कुठल्या कुळाने विरोधात मत दिलं. मग पुढचं सांगायला नकोच. पण एका दृष्टीने ही पद्धत चोख होती. तुमचं मत नीट नोंदलं गेलं का, हे तुम्ही स्वतः वहीत बोट ठेवून पाहू शकत होतात. बेरीज चुकली तर कुणीही दाखवून देऊ शकत होतं.

१८७२ च्या कायद्याने गुप्त मतदान आलं. या पद्धतीने पहिली संसदीय पोटनिवडणूक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यॉर्कशायरमधल्या पाँटफ्रॅक्ट गावी झाली. हे गाव ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध. मतपेटीला सील करायला शिक्का हवा होता, तेव्हा त्या गोळ्यांवर मारायचा कारखान्यातला शिक्काच लाखेवर उमटवला होता!

गुप्त मतदानाने गरीब मतदार निर्भय झाला, यात शंका नाही. पण त्याची एक किंमत होती. पेटीत टाकल्यावर तुमची मतपत्रिका इतर हजारोंमध्ये मिसळून जाते. "माझं मत कुठे गेलं?" हे आता तुम्हाला कधीच समजू शकत नाही, आणि समजूही नये. म्हणजे एकेका मताचा ताळा घेण्याची सोय गेली. उरला तो फक्त एकूण बेरजेचा ताळा. पेटीत किती गेली, पेटीतून किती निघाली, उमेदवारांच्या नावावर किती पडली, बाद किती झाली. हे चार आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. मतदाराच्या हातातला पुरावा काढून घेतला, त्याच्या बदल्यात त्याला एवढा एकच भरवसा मिळाला आहे.

म्हणून ब्रिटनमध्ये मोजणी दोन टप्प्यांत होते. मतदान संपलं की प्रत्येक केंद्राचा अधिकारी एक हिशेब लिहितो: किती मतपत्रिका मिळाल्या, किती दिल्या, किती उरल्या, किती खराब झाल्या. मोजणीच्या हॉलमध्ये पेटी उघडल्यावर आधी उमेदवार बघायचेच नाहीत. नुसते कागद मोजायचे आणि तो आकडा केंद्राच्या हिशेबाशी ताडून पाहायचा. हा पहिला टप्पा. मग दुसऱ्या टप्प्यात उमेदवारवार ढीग, गड्ड्या, रबरबँड वगैरे. उमेदवारांचे प्रतिनिधी समोर उभे राहून बघत असतात. सुंदरलँडमध्ये तर सगळ्यांत आधी निकाल लावायचा म्हणून तरुण मुलं हॉलमध्ये पेट्या घेऊन धावत सुटतात. टीव्हीवर तो कार्यक्रम पाहण्यासारखा असतो.

या दोन्ही टप्प्यांतले आकडे पूर्वी मोठ्या कागदावर मांडत. आता ते संगणकात मांडतात. आणि इथे आपल्या कथेत स्प्रेडशीटचा प्रवेश होतो.

फळ्यावरून पडद्यावर

स्प्रेडशीट हा शब्द हिशेबनिसांचाच. वहीची दोन पानं उघडून त्यावर आडव्या-उभ्या रेघा पसरलेल्या, ती "स्प्रेड शीट". आपल्याकडे कीर्द-खतावणी होती, तसंच. १९७८ साली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन नावाच्या विद्यार्थ्याने प्राध्यापकांना फळ्यावर असा तक्ता मांडताना पाहिलं. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहायचे! त्याला वाटलं, हे काम फळ्यानेच आपोआप केलं तर? त्याने आणि त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने १९७९ मध्ये ॲपल-टू संगणकासाठी "व्हिसिकॅल्क" आणलं. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर एक्सेल आलं. पुढचं आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे. आपल्यापैकी निम्म्या लोकांची पोटं त्या चौकोनांवर भरली आहेत म्हणा ना!

निवडणूक कचेऱ्यांनी एक्सेल उचललं, यात नवल नाही. मोठं खास सॉफ्टवेअर विकत घ्यायचं म्हणजे निविदा, करार, प्रशिक्षण. एक्सेल आधीच टेबलावर असतं, सगळ्यांना थोडंफार येतं, आणि गेल्या वेळची फाइल उघडून नावं बदलली की काम सुरू. केंद्रांवर कर्मचारी नेमणं, पेट्या कुठल्या गाडीतून जाणार, टपाली मतांची किती पाकिटं कुठल्या दिवशी आली, हे सगळं त्यातच मांडलं जातं. यात खरोखर सोय आहे. हातांनी आकडे उतरवताना आणि बेरजा करताना ज्या चुका होत, त्यातल्या पुष्कळ टळल्या, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पण "गेल्या वेळची फाइल उघडून" यातच खरी ग्यानबाची मेख आहे. ज्यांनी हिशेब ठेवले आहेत त्यांना या मेखा ओळखीच्या असतील. बेरजेचं सूत्र पन्नास ओळींसाठी लिहिलेलं असतं. या वर्षी एकावन्नावी ओळ खाली जोडली जाते, आणि सूत्र बिचारं पन्नासवरच थांबतं. आकडा दिसतो आकड्यासारखा, पण संगणकाने तो अक्षरं म्हणून साठवलेला असतो. बेरजेत तो धरला जात नाही आणि तक्रारही करत नाही. कुणीतरी ओळी लपवून ठेवलेल्या असतात. कुणी एकच रकाना चढत्या क्रमाने लावतं आणि शेजारचा रकाना तसाच राहतो. मग रामाच्या पुढे श्यामाचे आकडे येतात.

कागदावर अशी चूक झाली की खाडाखोड दिसते, शाई बदललेली दिसते, जागा रिकामी दिसते. पडद्यावरची चूक नीटनेटकी, ठळक अक्षरांत आणि दोन दशांश स्थळांपर्यंत समोर येते. तिला पाहून संशय येतच नाही. २०२० च्या शरदात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद अशीच गमावली. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. वरच्या ओळी गुपचूप गळल्या, आणि त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर कळलंच नाही.

तीन गावच्या तीन गोष्टी

निवडणुकीतल्या अशा गफलती फक्त पटनीपुरत्या नाहीत. तीन गोष्टी सांगतो.

पहिली ऑस्ट्रियाची. ३ जून २०२३ रोजी लिंझ शहरात तिथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्ष निवडायचा होता. हान्स पेटर डोस्कोझिल आणि आंद्रेआस बाबलर असे दोन उमेदवार. डोस्कोझिल यांना ३१६ आणि बाबलर यांना २७९ मतं, असा निकाल जाहीर झाला. डोस्कोझिल यांचं अभिनंदन झालं, भाषणं झाली. पण ऑस्ट्रियाच्या सरकारी वाहिनीच्या एका पत्रकाराने जाहीर झालेल्या आकड्यांची बेरीज करून पाहिली, तर एका मताचा हिशेब लागेना. त्याने विचारणा केली. एका मताने काय बिघडतंय, असं म्हणून विषय सोडून देता आला असता. पक्षाने मतपत्रिका पुन्हा बाहेर काढल्या. आणि ५ जूनला निवडणूक समितीच्या प्रमुखांना सांगावं लागलं की, एक्सेलमध्ये दोघांचे आकडे एकमेकांच्या नावापुढे पडले होते! खरे विजेते बाबलर निघाले: ३१७ विरुद्ध २८०. डोस्कोझिल यांनी हा बदल मान्य केला.

यातली खुबी लक्षात घ्या. नावांची नुसती अदलाबदल झाली, तर एकूण बेरीज बिघडत नाही. आपला तो लहानपणीचा नवाचा ताळासुद्धा अशी चूक पकडू शकत नाही. चूक सापडली ती शेजारच्या दुसऱ्याच एका लहानशा चुकीमुळे, आणि ती दुरुस्त झाली ती कागद जपून ठेवलेले होते म्हणून.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. विस्कॉन्सिन राज्यात ५ एप्रिल २०११ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशपदासाठी निवडणूक झाली. राज्यात कामगार संघटनांच्या हक्कांवरून वातावरण तापलेलं होतं, त्यामुळे या निवडणुकीला राजकीय लढाईचं रूप आलं. अनधिकृत मोजणीत जोअॅन क्लॉपनबर्ग २०४ मतांनी पुढे होत्या. दोन दिवसांनी वॉकेशा काउंटीच्या क्लार्कबाईंनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की, ब्रूकफील्ड शहराची १४,३१५ मतं एकूण आकड्यात आलीच नाहीत. शहराकडून आलेली माहिती त्यांनी एक्सेलच्या चुलतभावात, म्हणजे ॲक्सेसमध्ये घातली, पण सेव्ह करायचं राहून गेलं! त्यातली १०,८५९ मतं डेव्हिड प्रॉसर यांची होती. २०४ ची आघाडी गेली आणि प्रॉसर सात हजारांच्या वर मतांनी पुढे गेले. केवढा गहजब झाला असेल, कल्पना करा. एका बाजूला वाटलं, ही मतं आकाशातून पडली. पुढे फेरमोजणी झाली, चौकशी झाली. निकाल कायम राहिला आणि गुन्हा काही सापडला नाही. खरं तर ब्रूकफील्डचे आकडे निवडणुकीच्या रात्रीच स्थानिक बातमीदारांनी छापले होते. म्हणजे ताळा गावात सगळ्यांसमोर होता. काउंटीच्या बेरजेशी तो कुणी लावून पाहिला नव्हता.

तिसरी गोष्ट कोलोराडोची, २०२४ च्या ऑक्टोबरमधली. अध्यक्षीय निवडणूक आठवड्यावर आली होती. मतयंत्रांची यादी असलेली एक स्प्रेडशीट राज्याच्या निवडणूक कार्यालयाने लोकांच्या माहितीसाठी आपल्या संकेतस्थळावर ठेवली होती. त्या फाइलमध्ये काही पानं लपवलेली होती, आणि त्या पानांवर यंत्रांचे सहाशेहून अधिक पासवर्ड होते! एक्सेलमध्ये लपवलेलं पान हे कुलूपबंद पान नसतं. पडद्याआड ठेवलेल्या ताटासारखं असतं, पडदा सारला की दिसतं. नुसत्या त्या पासवर्डने यंत्र उघडत नव्हतं, दुसराही लागत होता आणि यंत्रापर्यंत प्रत्यक्ष पोचावंही लागत होतं. तरी धावपळ करून सगळे पासवर्ड बदलावे लागले.

तिन्ही गोष्टींत कुणी बदमाशी केल्याचं दिसलं नाही. माणसं दमलेली, घाईत, आणि संगणकाने केलेली बेरीज बरोबरच असणार या समजुतीत. पण संशयाचं भूत एकदा बाटलीतून बाहेर आलं की पुन्हा आत जात नाही.

आपल्याकडचा सतरा-सी

भारतात गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष, म्हणजे पुष्कळदा एखाद्या शाळेतले मास्तर किंवा बाई, "नमुना १७-सी" भरतात. या केंद्रावर मतदार किती, नोंदवहीप्रमाणे मत द्यायला आले किती, यंत्रात नोंदली गेली किती. खाली सही. आणि हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला त्याची प्रत द्यावी लागते. १९६१ च्या निवडणूक नियमांतच ते लिहिलेलं आहे. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा आधी या कागदाशी ताडून पाहतात. मग चौदा टेबलं, फेऱ्यांमागून फेऱ्या, प्रत्येक फेरीचा आकडा जाहीर, आणि शेवटी केंद्रवार तक्ता असलेला "नमुना २०".

तिथेही तक्ते संगणकावरच बनतात. पण मूळ आकडा आधी कागदावर, सहीनिशी, परस्परविरोधी माणसांच्या हातांत गेलेला असतो. मधल्या तक्त्यात कुणी चुकलं, तर तो कागद घेऊन कुणीही उभं राहू शकतं. अर्थात, तो कागद घेऊन उभं राहणारा माणूस तिथे हवा. लहान पक्षांचे आणि अपक्षांचे प्रतिनिधी प्रत्येक केंद्रावर नसतात. म्हणूनच २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी हे केंद्रवार आकडे सर्वांसाठी खुले करावेत अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मतदान चालू असताना न्यायालयाने त्यात हात घातला नाही. निवडणूक आयोगाने मग झालेल्या टप्प्यांतल्या मतदानाचे मतदारसंघवार प्रत्यक्ष आकडे प्रसिद्ध केले.

आकड्यांची किंमत त्याच निवडणुकीत मुंबईकरांना समजली. मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मतं पडली. फरक ४८! नऊ लाखांहून अधिक मतांत अठ्ठेचाळीस. आपल्या मंडळाच्या कोजागरीला दुधाची रांग यापेक्षा लांब असते.

हरणाऱ्याचा हिशेब

हे सगळं वाचून "संगणक नकोच" असं म्हणणारा मी नाही. कागदावर बेरजा चुकायच्या नाहीत असं थोडंच होतं! मला एवढंच वाटतं की, निवडणुकीचा हिशेब हा मुख्यतः हरणाऱ्यासाठी ठेवायचा असतो. जिंकणाऱ्याला बेरीज तपासायची गरज वाटत नाही. हरलेल्या माणसाला रात्री घरी जाऊन, चार कागद समोर ठेवून, स्वतः बेरीज करून पाहता आली पाहिजे, आणि ती जुळली पाहिजे. मग तो सकाळी उठून "हरलो" म्हणू शकतो. हे म्हणणारी माणसं जोवर आहेत, तोवर लोकशाही आहे. लिंझमध्ये मतपत्रिका समोर आल्यावर ते म्हणता आलं.

पटनीत मतपत्रिका होत्या, केंद्रांचे हिशेबही होते. किती मतं पेटीतून निघाली हा आकडा एका बाजूला, आणि उमेदवारांची व बाद मतांची बेरीज दुसऱ्या बाजूला, अशी दोन माणसांनी दोन कागदांवर मांडली असती तर ६,५५८ चं भोक त्याच रात्री दिसलं असतं. जाहीर झालेला निकाल ब्रिटनमध्ये आपोआप बदलत नाही. त्यासाठी ठराविक दिवसांच्या आत निवडणूक याचिका करावी लागते. चूक उघड झाली तोवर ती मुदत टळून गेली होती. त्या वेळी फरक मोठा होता म्हणून निभावलं. दादाभाईंसारखी पाच मतांची निवडणूक असती तर?

आता आपल्या घरचं थोडंसं. मंडळांच्या निवडणुकाही आता अशाच होतात. सभासदांची यादी एक्सेलमध्ये, वर्गणी भरली की नाही तेही एक्सेलमध्ये, आणि मतंही त्याच फाइलमध्ये. चिटणीस बदलला की फाइल पुढच्याकडे जाते, "फायनल", "फायनल-२", "खरी फायनल" अशा नावांनी. यात हसण्यासारखं आहे, तसं शिकण्यासारखंही आहे. पुढच्या वार्षिक सभेत मोजणीला दोन माणसं बसवा, शक्यतो एकमेकांशी न पटणारी. एकाने वाचावं, दुसऱ्याने लिहावं. मग कागद बदलून पुन्हा. हजर किती, मतपत्रिका किती, वैध किती, बाद किती, हे चार आकडे फळ्यावर लिहा आणि उमेदवारांसमोर बेरीज करा. जास्तीत जास्त दहा मिनिटं जातील आणि चहा थोडा गार होईल.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे वहीपूजन करतात. नव्या वहीवर कुंकवाचं स्वस्तिक काढायच्या आधी जुन्या वहीचा ताळेबंद जुळवायचा, ही व्यापाऱ्यांची रीत. शिल्लक कमी निघाली तरी चालेल, पण जमा आणि खर्च जुळलं पाहिजे. आजोबांच्या दुकानात एका पैशाचा फरक आला तरी दिवाणजी दिवा लावून बसत. एका पैशासाठी एवढा तेलाचा खर्च कशाला, असं विचारलं तर ते म्हणत, पैसा गेल्याचं दुःख नाही, कुठे गेला ते कळलं पाहिजे.

लिंझच्या त्या पत्रकाराने एका मतासाठी नेमकं तेच केलं. आणि शाळेतले आमचे गुरुजी दुसरं काय विचारत होते?

सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. आपापले हिशेब जुळोत!